प्रश्न विचारताना खोलीत कोण होतं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



ऑगस्ट २०२२ मधली गोष्ट. सकाळी साडेसातला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती बँकेत अधिकारी आहे, दोन मुलांची आई आहे, उगाच फोन करणाऱ्यांतली नाही. म्हणाली, "मॅडम, आजचा पेपर वाचलात का? आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर रात्रीपासून नुसता धुमाकूळ चाललाय. हे खरं असेल का हो?"

बातमी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची होती. पाचव्या फेरीचं हे सर्वेक्षण २०१९ ते २०२१ या काळात देशातल्या ७०७ जिल्ह्यांत झालं. आयुष्यात आजवर किती जणांशी शरीरसंबंध आला, हा प्रश्न त्यात सुमारे १ लाख १० हजार स्त्रियांना आणि १ लाख पुरुषांना विचारला होता. देशाची सरासरी निघाली स्त्रियांची १.७ आणि पुरुषांची २.१. पण बातमीचा मथळा या आकड्यांवर नव्हता. अकरा राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत स्त्रियांची सरासरी पुरुषांपेक्षा जास्त आहे, असा तो मथळा होता. राजस्थान सर्वांत पुढे, स्त्रिया ३.१ आणि पुरुष १.८. झालं! घुंगटातल्या बायकांवर विनोद सुरू झाले, संस्कृती बुडाल्याचे उसासे सुरू झाले आणि 'बायका मोकळ्या झाल्या' म्हणून टाळ्याही वाजल्या.

मी चौतीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. त्याआधी नोकरी लागेपर्यंत दोन-तीन वर्षं घरोघर फिरून आरोग्य पाहण्यांचे अर्ज भरले. त्यामुळे असा आकडा दिसला की मला आधी तो कुठल्या घरातून आला, कुणी विचारला, हे दिसायला लागतं. आज थोडं त्याबद्दल बोलायचं आहे. विषय संकोचाचा आहे खरा. पण घरातली माणसं रेडिओचा आवाज लहान करतील, इतकं काही मी बोलणार नाही.

आधी त्या ३.१ चं पाहू. शंभर बायका घ्या. त्यातल्या नव्याण्णव जणींनी 'एक' असं सांगितलं. शंभरावीच्या अर्जावर मात्र काही कारणानं २११ हा आकडा पडला. बेरीज झाली ३१०. भागिले शंभर, उत्तर ३.१. म्हणजे शंभरातल्या नव्याण्णव जणी एकाच पुरुषाशी संसार करत असल्या, तरी सरासरी तीनच्या वर जाऊ शकते. राजस्थानात असंच झालं असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की, सरासरी हा आकडा फार लवकर फितूर होतो. त्याच सर्वेक्षणात दुसरा एक प्रश्न होता, गेल्या बारा महिन्यांत पती, पत्नी किंवा सोबत राहणारा जोडीदार सोडून इतर कुणाशी संबंध आला का? पुरुषांपैकी ४ टक्के 'हो' म्हणाले आणि स्त्रियांपैकी अर्धा टक्का. हे आकडेही बातम्यांत आले होते, मजकुरात खाली कुठेतरी. मी फोनवर विद्यार्थिनीला विचारलं, "ते वाचलंस का?" ती म्हणाली, "तिथपर्यंत कोण पोचतंय, मॅडम!"

पण या विषयातलं खरं कोडं उलट्या बाजूचं आहे. जगात जिथे जिथे अशा पाहण्या झाल्या, तिथे बहुतेक ठिकाणी पुरुष जास्त जोडीदार सांगतात आणि स्त्रिया कमी. ब्रिटनमध्ये दर दहा वर्षांनी एक मोठी राष्ट्रीय पाहणी होते. २०१० ते २०१२ च्या फेरीत १५ हजारांवर लोकांच्या मुलाखती झाल्या. पुरुषांनी आयुष्यातल्या स्त्री-जोडीदारांची सरासरी सांगितली १४ आणि स्त्रियांनी पुरुष-जोडीदारांची सांगितली ७. आता हे कसं जमायचं? आठवड्याच्या बाजारात दहा विकणारे आणि दहा घेणारे असतील, तर प्रत्येक व्यवहारात एक विकणारा आणि एक घेणारा असतोच. विकणारे म्हणाले, आम्ही सरासरी चौदा व्यवहार केले आणि घेणारे म्हणाले सात, तर कुणाची तरी वही चुकलेली आहे.

ग्लासगोच्या संशोधकांनी पुढे या वहीची झडती घेतली. थोडा फरक मूठभर पुरुषांनी सांगितलेल्या अवाच्या सवा आकड्यांमुळे पडला होता. थोडा मोजण्याच्या पद्धतीमुळे. बायका एकेक नाव आठवून बोटांवर मोजतात आणि पुरुष 'असतील वीसेक' असा अंदाज ठोकतात. (बाजारातून किती रुपयांची भाजी आणली हे घरात कुणाला विचारावं, हा अनुभव श्रोत्यांपैकी अनेकांना असेल.) आणि उरलेला काही भाग होता तो काय शोभतं आणि काय शोभत नाही या धारणेचा. तिन्ही गोष्टी हिशेबात धरल्यावर सातांचा फरक तीनच्याही खाली आला.

शोभण्याचा हा भाग किती मोठा असतो, हे अमेरिकेत ओहायोमधल्या दोन मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००३ मध्ये दाखवून दिलं. टेरी फिशर आणि मिशेल अलेक्झांडर. त्यांनी कॉलेजातल्या अविवाहित तरुण-तरुणींचे तीन गट केले. एका गटाला वाटत होतं की, आपली उत्तरं बाहेर बसलेला दुसरा विद्यार्थी बघू शकेल. दुसऱ्या गटाला एकांत दिला, नावही विचारलं नाही. तिसऱ्या गटातल्यांच्या अंगाला तारा जोडल्या आणि सांगितलं की, हे खोटं पकडणारं यंत्र आहे. यंत्र बंदच होतं. पहिल्या गटातल्या मुलींनी जोडीदारांची सरासरी सांगितली २.६, दुसऱ्यातल्यांनी ३.४ आणि यंत्राच्या धाकानं तिसऱ्यातल्या मुलींची सरासरी गेली ४.४ वर. मुलांचा आकडा तिन्ही गटांत चारच्या आसपासच राहिला. मुली तशाच, कॉलेज तेच. बदललं काय, तर ऐकणारं कोण आहे याबद्दलची समजूत.

हे वाचलं तेव्हा मला माण तालुक्यातलं एक घर आठवलं. त्याच्याकडे येतेच. आधी 'विचारायचं कुणाला' या प्रश्नाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या क्षेत्रातली भलीभली माणसं तिथेच घसरली आहेत.

आल्फ्रेड किन्सी हे नाव तुम्ही ऐकलं असेल. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातला हा प्राणिशास्त्रज्ञ. आयुष्याची वीस वर्षं त्यानं झाडांवर गाठी करणाऱ्या गांधीलमाश्यांवर घालवली, मग माणसांकडे वळला. १९४८ मध्ये पुरुषांवरचा आणि १९५३ मध्ये स्त्रियांवरचा त्याचा अहवाल आला आणि अमेरिका हादरली. मुलाखतकार म्हणून तो अफाट होता. समोर कागद ठेवायचा नाही, उत्तरं सांकेतिक खुणांत लिहायची आणि 'तुम्ही अमुक केलं का' असं न विचारता 'पहिल्यांदा कधी केलंत' असंच विचारायचं. म्हणजे नाकारायचं ओझं समोरच्यावर. पण त्यानं माणसं निवडली ती जमतील तशी. व्याख्यानाला आलेले, ओळखीतून मिळालेले, तुरुंगातले. अमेरिकेतले तीन नामांकित संख्याशास्त्रज्ञ त्याचं काम तपासायला बसले. त्यांच्यातल्या जॉन ट्यूकी यांचं मत असं सांगतात की, किन्सीनं जमवलेल्या तीनशेपेक्षा चिठ्ठ्या टाकून निवडलेली तीन माणसं मला चालतील. थोडं अति झालं, पण मुद्दा बरोबर होता. जो आपण होऊन बोलायला येतो, तो न येणाऱ्यासारखा नसतो.

आपल्याकडे याचा विचार शेतात झाला होता, ही गोष्ट मला फार आवडते. साताऱ्याकडच्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे नमुना-शास्त्रातलं जगन्मान्य नाव. देशात धान्य किती पिकतं हे ठरवण्यासाठी १९४० च्या दशकात पीक-कापणीच्या ज्या पाहण्या झाल्या, त्यांत त्यांचा मोठा वाटा होता. तिथला साधा नियम असा की, शेताचा कुठला तुकडा कापायचा हे शेतकऱ्यानं ठरवायचं नाही आणि मोजणाऱ्यानंही नाही. नाहीतर रस्त्याकडेचं दाट पीकच सगळ्यांच्या नजरेत भरतं. माणसांच्या पाहणीलाही हाच नियम. फरक एवढाच की ज्वारीचं ताट 'मला नाही सांगायचं' असं म्हणत नाही.

आणि किन्सीच्याही दहा वर्षं आधी, १९३८ मध्ये, मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी मुंबईतल्या मध्यमवर्गीयांच्या लैंगिक सवयींवर नमुना-पाहणी करून निबंध लिहिला होता. जातिव्यवस्थेवरचे घुर्ये सगळे वाचतात. हे घुर्ये फारसं कुणाला ठाऊक नसतात. त्याच शहरात तेव्हा रघुनाथ धोंडो कर्वे 'समाजस्वास्थ्य' काढत होते. कर्वे गणिताचे प्राध्यापक, हे मी वर्गात मुद्दाम सांगायची. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ते मासिक चालवलं. वाचकांची पत्रं आणि त्यांना दिलेली रोखठोक उत्तरं हा त्याचा प्राण. त्या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला आणि कर्व्यांच्या बाजूनं न्यायालयात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ती पत्रं म्हणजे पाहणी नव्हे. लिहिणारे आपण होऊन लिहीत होते, त्यावरून टक्केवारी काढता येणार नाही. पण नाव झाकलं की मराठी माणूस काय काय विचारतो, हे तिथे दिसतं.

टक्केवारी काढायचा मोह मात्र सुटत नाही. १९८७ मध्ये शेअर हाइट या लेखिकेनं अमेरिकेत एक लाख प्रश्नावल्या वाटल्या. परत आल्या साडेचार हजार. त्यावरून तिनं जाहीर केलं की, लग्नाला पाच वर्षं झालेल्या ७० टक्के बायकांचे विवाहबाह्य संबंध आहेत. पुढे १९९२ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या एडवर्ड लाउमान आणि सहकाऱ्यांनी रीतसर नमुना निवडून ३,४३२ जणांच्या मुलाखती घेतल्या. निवडलेल्या माणसांपैकी दर पाचातले जवळपास चार जण बोलले, इतका त्यांनी पिच्छा पुरवला. तेव्हा निघालं की, ८० टक्क्यांहून जास्त बायका लग्नानंतर नवऱ्याशिवाय कुणाशीच संबंध आला नाही असं सांगतात. चित्रपट पाहून अमेरिकेबद्दल आपण करून घेतलेल्या समजुतीपेक्षा तिथला संसार बराच अळणी निघाला. आठवड्यातून दोन किंवा जास्त वेळा संबंध येणारे साधारण एक तृतीयांश, महिन्यातून काही वेळा येणारे तेवढेच आणि वर्षातून काहीच वेळा किंवा मुळीच न येणारे उरलेले. आणि जास्त समाधानी कोण, तर लग्न झालेले! वर्तमानपत्रांना या बातमीचं काय करावं कळेना.

गंमत म्हणजे अशा पाहण्यांना पैसे द्यायला सरकारं घाबरतात. ब्रिटनची पहिली पाहणी एड्सच्या भीतीपोटी ठरली. रोग किती पसरेल हे सांगायला लोक वागतात कसे हे माहीत हवं, इतकं साधं कारण. तरी १९८९ मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारनं हात आखडता घेतला. वेलकम ट्रस्ट या धर्मादाय संस्थेनं पैसे दिले म्हणून जवळपास १९ हजार मुलाखती झाल्या. शिकागोच्या पाहणीचे सरकारी पैसेही असेच अडले. त्यांनी खासगी प्रतिष्ठानांकडून पैसे उभे केले आणि नमुना लहान केला. लोकांना प्रश्न विचारले तर लोक बिघडतील, अशी काहीशी भीती असावी. प्रत्यक्षात ब्रिटनच्या तीन फेऱ्यांत दिसलं ते वेगळंच. समलिंगी संबंधांबद्दलची सहिष्णुता वाढत गेली, पण लग्नातल्या बेइमानीबद्दलची नापसंती कमी होण्याऐवजी वाढली. लोक सगळ्याच बाबतीत सैल होत जातात, हा ठोकताळा तिथे चुकला.

आता माण तालुक्यातलं घर.

आमच्या प्रश्नावलीची सुरुवात सोपी होती. घरात माणसं किती, पाणी कुठून आणता, बाळंतपणं किती. शेवटच्या दोन पानांवर नवरा-बायकोच्या संबंधांचे प्रश्न होते. भाषा पुण्याच्या टेबलावर झालेली. 'लैंगिक समागम' हा शब्द मी पहिल्या दिवशी एका आजींसमोर उच्चारला, तर त्या म्हणाल्या, "समागम व्हय? हुतो की. एकादशीला मंदिरात समदे जमत्यात." त्यांचा समागम संतांचा होता. 'जोडीदार' हा शब्दही असाच. खुरपायला जोडीनं जाणारी बाई ती जोडीदारीण. एकीनं मला चार नावं घडाघड सांगितली आणि मी आ वासला. सगळ्या तिच्या सावडीतल्या होत्या! मी तेव्हा थांबून पुन्हा विचारलं म्हणून बरं. दुपारच्या उन्हात, दिवसाला ठरलेले अर्ज पुरे करायच्या घाईत दुसऱ्या कुणी तो चार तसाच लिहिला असता, तर?

मग आम्ही शब्द बदलले. 'नवरा जवळ येतो तेव्हा', 'अंगावरून पांढरं जातं का' असं विचारायला लागलो. शब्द बदलले तशी उत्तरं बदलली. याच सुमारास गडचिरोलीतल्या डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या कामाचा बोलबाला झाला होता. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची त्यांनी नुसती विचारपूस केली नाही, प्रत्यक्ष तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. दवाखान्याच्या रजिस्टरवर विसंबलं असतं तर त्या गावांतल्या बायका ठणठणीत ठरल्या असत्या.

तर त्या घरी मी गेले ती दुपारची वेळ. बाई तिशीची, तीन मुलं. सासू शेजारी बसून हुलगे निवडत होती. शेवटचं पान आलं. मी म्हटलं, "आजी, जरा पाणी देता?" तेवढ्या वेळात दोन प्रश्न होतील असा माझा डाव. आजींनी नातवाला हाक मारली आणि पाणी त्यानं आणलं. मी आवाज बारीक करून विचारलं, "तुमची इच्छा नसताना नवऱ्यानं कधी जबरदस्ती केलीय का?" सुनेनं सासूकडे पाहिलं. उत्तर सासूनं दिलं. "लिवा बाई, आमच्यात तसलं काय न्हाई." सून मान खाली घालून म्हणाली, "न्हाई." मी लिहिलं, नाही.

संध्याकाळी आम्ही जीपची वाट बघत हापशाजवळ थांबलो होतो. ती घागर घेऊन आली. घागर भरेपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, त्ये मगाचं लिवलंसा का?" मी म्हटलं, हो. "काय लिवलंसा?" म्हटलं, 'नाही' लिहिलंय. "बरं केलंसा," म्हणाली. घागर डोक्यावर घेतली, दोन पावलं गेली आणि मागं न वळता म्हणाली, "पर तसं न्हाई त्ये."

मी आमच्या प्रमुखांना विचारलं, उत्तर बदलू का? ते म्हणाले, मुलाखतीत जे सांगितलं तेच उत्तर. बदलायचं तर मुलाखत पुन्हा घ्यावी लागेल आणि उद्या आपण दुसऱ्या गावात. त्यांचं नियमानुसार बरोबर होतं. हापशावरचं बोलणं लिहायला अर्जात रकाना नव्हता. तो अर्ज तसाच गेला आणि कुठल्या तरी तक्त्यात 'नाही'ची टक्केवारी त्यानं एका घरानं वाढवली. माझ्या हातानं. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि जीप आली म्हणून मला बरंच वाटलं होतं.

आता नियम सुधारले आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसेबद्दलचे प्रश्न एका घरात एकाच बाईला विचारतात आणि एकांत मिळाला नाही तर विचारतच नाहीत. न विचारलेला प्रश्न निदान 'नाही' म्हणून मोजला जात नाही. म्हणून जोडीदारांच्या त्या चमचमीत आकड्यांपेक्षा याच सर्वेक्षणातले दुसरे आकडे मला जास्त बोलके वाटतात. नवऱ्याला गुप्तरोग आहे, त्याचे बाहेर संबंध आहेत किंवा आपण थकलो आहोत, मन नाही, या तिन्ही कारणांसाठी बायकोनं नकार देणं योग्य, असं म्हणणाऱ्या स्त्रिया पाचव्या फेरीत ८० टक्के होत्या आणि पुरुष ६६ टक्के. चौथी फेरी झाली २०१५-१६ मध्ये. तेव्हा स्त्रिया होत्या ६८ टक्के आणि पुरुष ६३. चार-पाच वर्षांत बायका बारा पावलं पुढे गेल्या आणि पुरुष तीन. म्हणजे आज हा प्रश्न ज्या घरात निघतो, त्या घरातल्या दोन माणसांमधलं अंतर पूर्वीपेक्षा वाढलेलं आहे. प्रत्यक्षात नवऱ्याला 'नको' म्हणता येतं का, या प्रश्नाला ८२ टक्के विवाहितांनी 'हो' म्हटलं. गोव्यात हे प्रमाण सर्वाधिक, ९२ टक्के आणि अरुणाचल प्रदेशात सर्वांत कमी, ६३.

आणि १८ ते ४९ वयाच्या ज्या विवाहित स्त्रियांनी लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं, त्यांच्यापैकी ८२ टक्क्यांनी तो करणारा आपला आत्ताचा नवरा असल्याचं सांगितलं आणि १३ टक्क्यांनी आधीचा नवरा. अंधाऱ्या बोळातला अनोळखी माणूस या तक्त्यात जवळपास नाहीच. मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं याच प्रश्नावर एकमत झालं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनंही अठरा वर्षांवरच्या पत्नीशी पतीनं ठेवलेला संबंध बलात्काराच्या व्याख्येबाहेरच ठेवला. कायद्याबद्दल मतं वेगवेगळी असतील. ऑगस्टमधल्या त्या बातमीच्या दिवशी मात्र चर्चा झाली ती राजस्थानातल्या ३.१ ची.

एकांत मिळाला तरी विचारणाऱ्याचा चेहरा समोर असतोच. त्यावर संख्याशास्त्रानं एक सुंदर तोड काढली आहे. स्टॅन्ली वॉर्नर या अमेरिकन संशोधकानं १९६५ मध्ये ती सुचवली. तिचं सोपं रूप असं. प्रत्येकानं नाणं उडवायचं, ते कुणाला दाखवायचं नाही. छापा आला तर काहीही असो, 'हो' म्हणायचं. काटा आला तर खरं उत्तर द्यायचं. हजार माणसांत साधारण पाचशे जण नाण्यामुळेच 'हो' म्हणतील. एकूण 'हो' आले सहाशे, तर वरचे शंभर खरे. काटा आलेल्या पाचशेंपैकी शंभर, म्हणजे २० टक्के. कोण खरं 'हो' म्हणालं आणि कोण नाण्यापायी, हे विचारणाऱ्यालाही कळत नाही. हल्ली कानाला हेडफोन लावून संगणकावर प्रश्न ऐकायचे आणि उत्तराचं बटण स्वतः दाबायचं, अशीही सोय असते. मला तरी नाणंच आवडतं. एक रुपयात काम होतं.

काही वर्षांपूर्वी अर्ज भरायला जाणाऱ्या मुलींच्या प्रशिक्षणात मी हा खेळ घेतला. त्या चाळीस जणी होत्या. प्रश्न टाकला, "घरी न जाता झाडाखाली बसून कधी अर्ज भरलाय का?" आधी हशा झाला, मग नाणी उडाली. सत्तावीस हात वर आले. वीस तर नाण्याचेच धरले तरी सात उरले. चाळीस हा काही फार मोठा नमुना नव्हे, पण वर्ग गप्प झाला. लपवतात ते फक्त उत्तर देणारेच, अशी आमची समजूत होती.

तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. सोलापूरकडची, पहिलीच पाहणी. म्हणाली, "मॅडम, नाणं-बिणं सगळं खरं. पण सासू उठतच नसली तर?"

मी म्हटलं, "एकटी जाऊ नकोस. दोघी जा. तू सुनेला परसात ने, काय लावलंय ते बघायला. दुसरीनं ओसरीवर सासूसमोर वही उघडायची आणि गुडघ्यांचं विचारायचं. गुडघे कधीपासून दुखतात, कुणाला दाखवलं, काय लावलं. तासभर तरी उठत नाहीत."

ती हसली. जाता जाता दारात थांबून म्हणाली, "आणि सासू जे सांगतील ते लिहायचं का खरंच?"

म्हटलं, "लिही की. त्यांनाही आजवर कुणी विचारलेलं नसतं."